खालच्या पॅडॉकची सनद

‘स्वीट ॲज’, म्हणजे ‘चालतंय की, काही हरकत नाही’, हे दोन शब्द या परक्या देशात पहिल्यांदा ज्या कुणी उच्चारले असतील, तो माणूस सुनीताला एकदा भेटायला हवा होता. शेडमधला शेण धुवायचा पाइप त्याच्याकडं वळवून ती म्हणाली असती, बाबा रे, तुझ्या या दोन शब्दांनी माझ्या संसाराचा उकिरडा केलाय.

कारण जगदीश दुसरं काही बोलतच नसे. मालकानं सुटीच्या दिवशी बोलावलं, स्वीट ॲज. शेजाऱ्यानं ट्रेलर नेला आणि चाक मोडून परत आणला, स्वीट ॲज. सुनीताच्या मते देवानं जगदीशच्या मानेत एकच बिजागरी बसवली होती, आणि ती वरखाली हलायची तेवढीच.

संध्याकाळची धार चालू होती. इथला उन्हाळा सरून मार्च लागला तरी पावसाचं नाव नव्हतं. पिरोंगियाच्या डोंगरावर रोज दुपारी ढग जमायचे, बैठक घालायचे आणि चहा न घेताच उठून जायचे. गवत पायाखाली कुरकुरत होतं. गाई शेडमध्ये यायच्या त्या पाय ओढत, आणि कासेला हात लावला की रिकाम्या पिशवीसारखी ती आत जायची. सुनीता गाईंच्या दोन रांगांमधल्या खड्ड्यात उभी राहून एकेका गाईला धारेच्या यंत्राचे कप चढवत होती. उजवा खांदा गेले काही दिवस वर जाताना कट्ट करून वाजत होता.

“मघाशी कॉलिन काय म्हणत होता?” तिनं पलीकडच्या रांगेतल्या नवऱ्याला विचारलं. कॉलिन म्हणजे मालक.

“कधी?”

“मघाशी. गेटपाशी. तुम्ही मान हलवत होता तेव्हा.”

जगदीशनं एका गाईचं शेपूट बाजूला केलं. फार काळजीपूर्वक केलं. हे लक्षण सुनीताला ठाऊक होतं.

“त्यांचा तो कार्यक्रम आहे नाही का. मिलिशियाचा, त्यांच्या जुन्या शेतकरी-शिपायांचा. लोक येणार, तंबू ठोकणार, बंदुकीचे बार काढणार. खोटे बार.”

“मग?”

“खालचं पॅडॉक मागितलंय.”

सुनीताच्या हातातले कप खाली लोंबले आणि हवा ओढत फुसफुसत राहिले.

खालचं पॅडॉक, म्हणजे कुंपण घातलेलं खालचं कुरण, ही पूर्वीची दलदल. कहिकाटियाच्या उंच झाडांचा एक पुंजका, त्याच्या मुळाशी एक झरा, आणि आसपास एवढ्या उन्हातही पोटरीएवढं हिरवं गवत. तिथं गाई सोडायच्या नाहीत, अगदी शेवटी सोडायच्या, असं ठरवून दोघांनी ते पोटच्या पोरासारखं राखलं होतं. ते मिळालं तर पाऊस येईतो दूध टिकलं असतं. नाही तर अर्ध्या कळपाची धार आत्ताच बंद करून गाई आटवाव्या लागणार होत्या, आणि गाई लवकर आटवणाऱ्या माणसाला पुढच्या हंगामाचं काँट्रॅक्ट कोण देतो? काँट्रॅक्ट गेलं की जूनच्या पहिल्या तारखेला घर रिकामं करायचं. घर नोकरीबरोबर येतं, नोकरीबरोबर जातं. लेकीची, सलोनीची शाळा, परसातली मेथी, खिडकीतली तुळस, सगळं ट्रेलरवर. तोही मोडक्या चाकाचा.

“आणि तुम्ही काय म्हणालात?” तिनं विचारलं. उगीचच विचारलं.

“अगं, त्याचीच जमीन आहे. आणि काँट्रॅक्टवर त्यानं अजून सही केलेली नाही. कार्यक्रमानंतर बसू म्हणालाय.” मग जरा खालच्या आवाजात, “आणि त्यांना माणसं कमी पडतायत. मलाही एक कोट दिलाय.”

“कसला कोट?”

“शिपायाचा.”

सुनीतानं कपाळावर हात मारला. हात शेणाचा होता हे नंतर लक्षात आलं.

*

कॉलिन वाईट माणूस नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. सत्तरी ओलांडलेला, गुडघे गेलेले, तरी वासरू अडलं की मध्यरात्री उठून येणारा. दुसऱ्या दिवशी तो कार्यक्रमाची आखणी करायला आला तेव्हा सुनीता कुंपणाची तार ओढत होती. त्यानं क्वाड बाइकवर बसल्या बसल्या सगळा इतिहास सांगितला. सांगताना त्याचा चेहरा कीर्तनकाराला आख्यान लागावं तसा उजळला होता, हे तिलाही मान्य करावं लागलं. तिला कीर्तनाचं वेड होतं. धार काढताना कानात कीर्तन लावल्याशिवाय तिची सकाळ होत नसे.

“माझ्या पणजोबांचे वडील ओटागोच्या सोन्याच्या खाणीवर होते,” कॉलिन म्हणाला. “सोनं काही सापडलं नाही. तेवढ्यात सरकारची जाहिरात आली. वायकाटोत इथल्या मूळ लोकांशी लढाई चालू आहे, मिलिशियात नाव घाला, तीन वर्षं हाकेला ओ द्या, सरहद्दीवर राहा. साध्या शिपायाला शेतीला पन्नास एकर आणि गावात एक एकर. आले बिचारे. रस्ता नाही, कमरेएवढी दलदल, तंबूत पाणी. निम्म्यांनी मिळेल त्या भावात विकून पळ काढला. आमचे नाही पळाले. एका हातात फावडं, एका हातात बंदूक.”

“म्हणजे शेतसनदी,” सुनीताच्या तोंडून निघून गेलं.

“काय?”

आता सांगणं आलं. सुनीताचं माहेर गडहिंग्लजकडचं. तिथं तिच्या खापरपणजोबाला गढीवर राखण करण्याबद्दल जमीन मिळाली होती. वेळप्रसंगी हत्यार घेऊन उभं राहायचं, एरवी नांगर धरायचा. अशा माणसाला शेतसनदी म्हणायचे. त्या जमिनीला घरात अजून ‘सनदीचा माळ’ म्हणतात.

कॉलिन इतका खूश झाला की बाइकवरून उतरला. “म्हणजे तुम्ही पण मिलिशियावालेच! शेट... शेट सँडी?”

“शेतसनदी.”

“शेट सँडी!” त्यानं पक्कं करून टाकलं. त्या दिवसापासून कमिटीतलं कुणीही आलं की तो तिच्याकडं बोट दाखवून म्हणायचा, “ही आमची सुनीता. शी इज अ शेट सँडी.” आणि येणारा प्रत्येकजण ‘किया ओरा, सँडी’ म्हणून हात पुढं करायचा. दोन आठवड्यांत सुनीता गायकवाडची सँडी झाली.

इतिहास सांगितला त्याच दिवशी त्यानं पॅडॉकमध्ये काठीनं जागा दाखवल्या. इथं तंबू. इथं बारूद. इथं प्रेक्षक. आणि इथं, झाडांच्या सावलीत, झऱ्याच्या अंगाला, भाड्यानं आणलेले संडास.

रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी उभी होती. तिच्याजवळ एक म्हातारी बाई तारेला हात न लावता आत बघत होती. सुनीतानं तिला ओळखलं. मागच्या उन्हाळ्यातही ती अशीच उभी होती, तेव्हा गाडी बंद पडली असेल म्हणून सुनीतानं धावत जाऊन कुंपणावरून तिला पाण्याची बाटली दिली होती. बाईनं बाटली घेतली होती, हसली होती, आणि न पिता निघून गेली होती.

“तिला काही हवंय का?” सुनीतानं कॉलिनला विचारलं.

“हेनी आहे ती. तिचं चालतं तसं,” कॉलिन म्हणाला आणि संडासाच्या जागी दुसरी काठी रोवली.

*

“तिला काय हवंय ते मी सांगतो,” ताने दुसऱ्या सकाळी म्हणाला.

ताने आठवड्यातल्या काही सकाळी धारेला यायचा. दाराच्या चौकटीएवढा माणूस, पण गाईशी बोलताना आवाज तान्ह्या मुलाशी बोलावा तसा. हेनी त्याची आत्या; दोघंही इथल्या मूळ लोकांतले.

“त्या झऱ्याचं पाणी हवंय. आमच्या घरात मूल जन्मलं की पहिलं पाणी तिथलं असायचं. कॉलिनला दरवर्षी विचारते. तो म्हणतो, नक्की, पण सध्या गाभण गाई आहेत, सध्या चिखल आहे, सध्या नियम आहेत. नाही कधी म्हणत नाही.”

सुनीताला अशा माणसाबरोबर राहण्याचा दांडगा अनुभव होता, फक्त तिचा माणूस हो म्हणून ते निभावतही बसायचा.

“तू शेट सँडी ना?” तानेनं हसून विचारलं.

“तू तरी नको रे.”

“नाही, खरंच विचारतो. तुझ्या त्या आजोबांना जी जमीन दिली, ती आधी कुणाची होती?”

“सरकारची. राजाची.”

“हो,” ताने म्हणाला आणि पुढच्या गाईला कप लावले. “आमचीपण सरकारचीच होती. जप्तीचा कागद छापून आला त्या दिवसापासून.”

चिडवत नव्हता तो. चिडवलं असतं तर सुनीतानं वाक्याला वाक्य लावलं असतं. त्यानं नुसतं म्हटलं आणि नळी धुवायला घेतली. दिवसभर ते वाक्य तिच्या गमबुटात खडा शिरल्यासारखं टोचत राहिलं. एवढी कीर्तनं ऐकली, धर्मराजानं काय सोडलं, हरिश्चंद्रानं काय दिलं, सगळं तोंडपाठ. आणि आपल्या माळावर आधी कोण होतं, हे आपण एकदाही विचारलं नाही?

घरी येऊन तिनं भावाला फोन लावला.

“सागर, एक विचारायचं होतं. आपला सनदीचा माळ आधी कुणाचा होता रे?”

पलीकडं दार लावल्याचा आवाज. मग, “ताई, भाऊजी शेजारी आहेत का?”

“नाहीत. का?”

“हे तुला कुणी शिकवलं?”

“काय शिकवलं?”

“हे बघ ताई, हिस्सा पाहिजे असंल तर सरळ सांग. आडून आडून नको. बायको मला म्हणालीच होती, परदेशात गेली तरी एक दिवस सात-बारा मागणार.”

“मेल्या, मला काय करायचाय तुझा माळ! तिथं कुसळंसुद्धा धड उगवत नाहीत!”

“मग आधी कुणाचा, नंतर कुणाचा, हे कशाला? वकील लावलायस का?”

सुनीतानं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक अशी तिंबली की परातीला पोचा पडला असता. सलोनी टेबलाशी अभ्यास करत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, “मॉम, हू आर वुई मॅड ॲट?”

“सगळ्यांवर!”

“स्वीट ॲज,” सलोनी म्हणाली. रक्त बापाचंच.

*

तालीम शनिवारी झाली. गावच्या मैदानावर निळ्या सर्जच्या लोकरी कोटातले पंधरा-सोळा शिपाई उभे होते. निम्म्यांना बटणं लागत नव्हती, एकाला ऐकू येत नव्हतं, आणि टोकाला जगदीश. कोट त्याला दोन माप मोठा, बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी बाहेर. हातात लाकडी बंदूक. ऊन असं की लोकरीला कढत वास सुटला होता.

ढोल वाजला आणि रांग निघाली. आणि सुनीतानं डोळे मिटून घेतले.

जगदीशला दोष देता येत नव्हता. लहानपणापासून भजनात टाळ घेऊन उभा राहिलेला माणूस. हॅमिल्टनच्या भजनी मंडळातही पहिल्या ओळीत तोच. ढोलावर काठी पडली की त्याच्या पायांना दुसरं काही येतच नाही. दोन पावलं पुढं, एक मागं, गुडघ्यात लवून, हलकेच. पावली. अख्खी पलटण पुढं चाललेली आणि टोकाचा शिपाई विठ्ठलापुढं नाचत असल्यासारखा मागं यायचा. मागचा बहिरा म्हातारा त्याच्यावर आदळला, त्याच्यावर तिसरा.

“जॅग! पुढं! नुसतं पुढं!” कॉलिन ओरडला.

“सॉरी, सॉरी. स्वीट ॲज.”

पुन्हा ढोल. पुन्हा दोन पुढं, एक मागं. प्रेक्षकांतली पोरं पोट धरून हसायला लागली. कुणी तरी फोन काढला. चौथ्या खेपेला कॉलिननं येऊन त्याला खांद्याला धरून हलवलं, हट्टी वासराला हलवावं तसं, आणि म्हणाला, “साधं चालायचंय रे, माणसा. तुमच्याकडं चालत नाहीत का?” जगदीश हसला. ओठ हसले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सुनीताला नवऱ्याचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की कुठलं कुठं संपतं ते तिला कळेना.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “एकदा नाही म्हणा हो. एकदाच. बघा तरी जीभ झडते का.”

“अगं, नम्रपणा म्हणून काही आहे की नाही? तुझ्याच कीर्तनात सांगतात.”

“आमच्या गावी बुवा काय सांगायचे ठाऊक आहे? देवाला हो म्हणायचं असलं, तर वाटेत कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं. तुम्ही सगळ्यांना हो म्हणता. देवाच्या वाट्याला काय उरलं?”

 जगदीशनं कोटाच्या बाहीनं मान पुसली.

घरी फोनवर माहेरच्या सुलभाआत्याचा निरोप आलेला होता. ऐंशीच्या घरातली आत्या. तिला बोलून ठेवायचं शिकवलं होतं, थांबवायचं नव्हतं.

“सुने, सागर येऊन गेला, तोंड एवढं करून. हिस्सा मागत्यात म्हणाला. मी म्हटलं, गप बस मुडद्या. अगं, तो माळ धनगरांच्या मेंढरांचा. आपल्या म्हाताऱ्याला सनद मिळाली, तेव्हा पयलं काम काय, तर मेंढरं हाकलायची. मी पोर असताना एक धनगरीण यायची वर्षाला. बांधापतोर. आत नाही यायची. बांधाला हळद लावायची, एक ढेकूळ पदरात घ्यायची आन् जायची. आई तिला भाकरी द्यायची, पण बांधावरनं गं, वरनं. आत ये म्हणाली नाही कधी. मी विचारलं तर म्हणायची, येडी हाय ती. येडी न्हवती गं. मला म्हातारी झाल्यावर कळलं, येडी न्हवती...” पुढं आत्या फोन बंद करायला विसरली होती. कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

वरनं. सुनीताला कुंपणावरून दिलेली पाण्याची बाटली आठवली. झरा त्या बाईचा, आणि आपण तिला पाणी देत होतो. नळाचं. वर उपकाराचं हसूसुद्धा.

*

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळची धार आटोपली तेव्हा दूध इतकं कमी होतं की टँकरवाल्या पोरानं ‘ते रापा’च्या डेअरीकडं निघताना विचारलं, “एवढंच?” जगदीश कोट घालायला घरी गेला होता. तंबूंचा ट्रक गावातून निघाल्याचा निरोप आला होता. संडास आधीच रस्त्यावर येऊन उभे होते, हिरवे, तीन.

शेडमधून सुटलेल्या गाई वाटेनं चालल्या. नेहमी त्या वरच्या वाळक्या पॅडॉककडं वळायच्या. आज पुढची म्हातारी गाय खालच्या गेटपाशी थांबली. मान तारेवरून पुढं केली, हिरव्याचा वास घेतला आणि असा हंबरडा फोडला की मागचा सगळा कळप तिथंच अडला. कुणी हलेना. तीनशे जनावरं सुनीताकडं बघत होती.

तिनं पलीकडं पाहिलं. रस्त्यावर पांढरी गाडी होती. तानेनं आत्याच्या हाताला धरलं होतं. तिच्या दुसऱ्या हातात एक काचेची बरणी.

सुनीतानं साखळी काढली. काही ठरवलं-बिरवलं नाही. खांदा कट्ट करून वाजला, गेट उघडलं, आणि पूर आल्यासारख्या गाई आत गेल्या. मग ती धावतच रस्त्याकडच्या गेटवर गेली आणि तेही उघडलं.

“या,” ती हेनीला म्हणाली. मराठीतच निघालं. “आत या.”

म्हातारी तिथंच उभी राहिली. तिनं तोंडातल्या तोंडात त्यांच्या भाषेत काही म्हटलं, लांब, सुरात. सुनीताला शब्द कळले नाहीत, पण हात आपोआप जोडले गेले. ओवी ऐकू आली की जुळतात तसे. मग हेनी गाईंच्या मधून, शेणातून, झाडांकडं चालत गेली. गाईंनी तिच्याकडं मान वर करूनही पाहिलं नाही. त्यांची तोंडं भरलेली होती.

कॉलिन आला तो धुरळा उडवत. मागं ट्रक, ट्रकमागं शिपाई. उतरून त्यानं पॅडॉककडं पाहिलं आणि त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला.

“हे काय आहे? सुनीता, कुणी सोडल्या या? दीड तासात माणसं येतायत इथं!” मग झऱ्यापाशी वाकलेली हेनी त्याला दिसली. “आणि तिला कुणी आत घेतलं?”

“मी,” सुनीता म्हणाली.  “गाई उपाशी आहेत, कॉलिन. कार्यक्रम वरच्या पॅडॉकमध्ये घ्या. तिथं आता मोडण्यासारखं काही राहिलेलं नाही.”

“कार्यक्रम कुठं घ्यायचा ते मी ठरवतो! माझ्या घराण्यानं ही दलदल हातानं उपसलीय!” बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. खोटं नव्हतं ते. उपसलीच होती. त्यानं शिपायांकडं वळून हाक मारली, “जॅग! बाहेर काढ त्यांना. गाईंना. सगळ्यांना.”

जगदीश शिपायांतून बाहेर आला. गळ्यापर्यंत बटणं लावलेली, लाकडी बंदूक खांद्याला, कपाळावरून घाम.  संडासवाल्यानं इंजिन बंद केलं.

सुनीताला वाटलं, आता मान हलणार. ती बिजागरी, वरखाली. आता तो ‘स्वीट ॲज’ म्हणणार, आणि मी इथंच या धुळीत बसून रडणार.

जगदीशनं कॉलिनकडं पाहिलं. मग गाईंकडं, गवत तुटण्याचा करकर आवाज येत होता. मग झऱ्यापाशी बरणी भरणाऱ्या म्हातारीकडं. तो दोन पावलं पुढं आला. सुनीता सवयीनं तिसऱ्याची वाट बघत राहिली. मागचं पाऊल या वेळी आलंच नाही.

“नो, कॉलिन,” तो म्हणाला. “सॉरी. नो.”

आवाज इतका हळू होता की बहिऱ्या शिपायानं शेजाऱ्याला विचारलं, “काय म्हणाला?”

“नो म्हणाला,” शेजाऱ्यानं ओरडून सांगितलं.

कॉलिनचे गुडघे दुखत असावेत. गुडघे दुखत असावेत. त्यानं गेटच्या खांबाचा आधार घेतला. हेनी बरणी घेऊन परत आली, त्याच्याजवळ थांबली, आणि म्हणाली, “किया ओरा, कॉलिन.” त्याचं बोट टोपीच्या कडेला लागलं, जुन्या सवयीनं.  मग तो ट्रककडं वळला आणि वरच्या पॅडॉककडं हात केला. जाता जाता जगदीशला एवढंच म्हणाला, “सोमवारी बोलू. आणि कोट ठेवून घे, आज नको येऊस.”

ट्रक गेले. धुरळा खाली बसला. तानेची गाडी वळणावर दिसेनाशी झाली. गेटपाशी दोघंच राहिली. जगदीशनं लाकडी बंदूक खांबाला टेकवली.

“घर जाणार बघ आता,” तो म्हणाला.

“जाऊ दे.”

“सोमवारी काय सांगू त्याला?”

“आज सांगितलंत तेच.”

“परत?” जगदीश घाबरून म्हणाला.

वरून ढोलाचा पहिला ठोका आला. जगदीशचा डावा पाय किंचित उचलला गेला आणि त्यानं तो जागच्या जागी दाबून धरला. सुनीताला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं शेणाच्या हातानंच पुसलं.

“उभे काय राहिलात, गेट लावा,” ती म्हणाली. “आणि तो कोट काढा आधी. गाई बुजतात.”